कात्रीबाईची रानकेळ

माझ्या बहिणीबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर तुम्ही चुकीच्या दारात आलात. तिकडे झाडांच्या त्या मोठ्या बागेत जा, जिथे तिनं एकतीस वर्षं माती उपसली. तिथले लोक तिला कात्रीबाई म्हणतात आणि तिचं नाव निघालं की आवाज खाली आणतात. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ. मी खरं तेवढंच सांगीन, आणि ते काही फार गोड नाही.

कात्री हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला माणसं कळत होती. छाटणीची एक कात्री कायम तिच्या कमरेला असायची आणि दुसरी तोंडात. कमरेची कात्री निदान रात्री खुंटीला टांगता यायची.

आमचे वडील केळीवाले, मीही केळीवाला. घरापुढे बाग, घरामागे खडकाळ उतार आणि त्याच्या डोक्यावर उभा कडा. त्या कड्यात, जिथे माती औषधालाही सापडायची नाही, तिथे रानकेळी उगवायच्या. आता आमच्या केळीला काय लागतं? पाणी, शेणखत आणि परत पाणी. बुडाशी मुनवे, म्हणजे पिल्लं, फुटतात, एक ठेवायचा, बाकीचे काढायचे. घड उतरवला की मोठं झाड तोडायचं, मुनवा त्याची जागा घेतो, आणि बाग चालू राहते. रानकेळीचं सगळंच उलटं. तिला मुनवा फुटतच नाही. दहा-दहा वर्षं एकटी वाढते, बुंधा घागरीसारखा फुगतो. उन्हाळ्यात सगळी पानं झडून नुसतं बोडकं खोड उरतं, पावसाळ्यात परत हिरवी होते. जन्मात एकदाच फुलते, एकच घड धरते, आणि घड पिकला की मरते. फळात गर नावाला, बाकी सगळ्या काळ्या टणक बिया. त्यातून पुढचं झाड आलं तर आलं, नाही तर वंश बुडाला. वडील म्हणायचे, "जिचं केळं खाता येत नाही ती कसली केळ? नुसती थट्टा आहे." ताईला नेमकी तीच आवडायची. उफराटी पहिल्यापासूनच.

ती दहा वर्षांची असेल, मी सात. कड्यातल्या बिया काढायला ती कमरेला दोर बांधून उतरायची. वर एक जुनं झाड होतं, दोराचं टोक त्याच्या खोडाला, आणि दोर हळूहळू सोडायचं काम माझं. एकदा माझ्या कानाला गांधीलमाशी डसली आणि हात सुटला. दोर झाडाला होता म्हणून ती मेली नाही, पण चार हात खाली जाऊन खडकावर आपटली आणि पुढचा दात अर्धा तुटला. या गोष्टीला सत्तावन्न वर्षं झाली. अजून ती वर्षातून एकदा हसते तेव्हा तो अर्धा दात दिसतो, आणि ती तो मला मुद्दाम दाखवते असं माझं ठाम मत आहे. गांधीलमाशीचं नाव ती चुकूनही काढत नाही. "यानं मला सोडलं होतं," एवढंच सांगते.

लग्न झालं, तीन वर्षं टिकलं. नवरा शिंपी, स्वभावानं अगदी गाय. दुकानावरच्या एका खोलीत संसार, खोलीला एकच खिडकी. हिनं त्या खिडकीत रिकामे डबे मांडून त्यात झाडं लावली. त्याला दोऱ्याचा रंग बघायला उजेड मिळेना, म्हणून बिचाऱ्यानं एक दिवस डबे उचलून खाली रस्त्यावर ठेवले. हीही डब्यांच्या मागोमाग खाली उतरली, ती सरळ झाडांच्या त्या मोठ्या बागेत जाऊन रोजंदारीवर लागली. आईनं रडून विचारलं, "अगं, एवढ्यातेवढ्यावरून कुणी नवरा सोडतं का?" तर म्हणते, "त्याला झाडं सहन होत नव्हती, मला तो." शिंप्यानं पुढे दुसरा संसार थाटला. सुटला एकदाचा.

बागेत तेव्हा रानकेळ जगत नव्हती. माळी सगळे आमच्यासारखेच, केळ दिसली की सोड पाणी. उन्हाळ्यात पानं झडली की घाबरून आणखी पाणी. कंद आतल्या आत सडायचा. ताईनं त्या वाफ्यातून सगळ्यांना हाकललं. खड्ड्यांत माती थोडी आणि फुटके दगड जास्त भरले, पाणी थांबू नये म्हणून उतार दिला, आणि पानं झडल्यापासून पावसापर्यंत झाडाला एक थेंब मिळू दिला नाही. कुणी विचारलं की खेकसायची, "झोपलीय ती. झोपलेल्या माणसाच्या तोंडात तांब्या ओतता का तुम्ही?" शेणखत तर तिनं तिथे फिरकूच दिलं नाही. लाड केला की मरणारं झाड ते, तिला बरोबर जमलं. लाड करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

एका उन्हाळ्यात बागेला पाहुणे येणार होते. ही नेमकी आठवडाभर रजेवर. मोठ्या साहेबांना ती बोडकी खोडं बघवेनात, त्यांनी शिपायाकडून रोज बादल्या ओतून घेतल्या. ही परत आली तेव्हा तीन कंदांचा लगदा झालेला. त्यातला सगळ्यात घाण वास मारणारा तिनं दोन्ही हातांनी उचलला, साहेबांच्या खोलीत शिरली, टेबलावरच्या फायलींवर ठेवला आणि म्हणाली, "हा दाखवा पाहुण्यांना." महिनाभर कामावरून काढलं. माफी मागेल तर ती कसली! शेवटी साहेबांनीच बोलावणं धाडलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला रानकेळ येत नव्हती. बागेतले लोक ही गोष्ट फार कौतुकानं सांगतात. त्यांना तिच्या भिंतीला भिंत लावून राहावं लागत नाही.

आता भांडणाचं सांगतो, नाही तर म्हणाल लपवलं.

मागचा उतार आणि कडा वडिलांनी आमच्या दोघांच्या नावावर ठेवला होता. नऊ वर्षांपूर्वी खडीक्रशरवाला दारात आला. माझी विहीर तळाला गेलेली, बागेत ठिबक टाकल्याशिवाय गत नव्हती, आणि त्या दगडांवर मला जन्मात एक घड आला नव्हता. विकायचं मी ठरवलं, पण तिची सही हवी. ती त्याच वर्षी निवृत्त झालेली. बागेनं दिलेली खोली महिनाभरात सोडायची होती आणि जायला दुसरं छप्पर नव्हतं. मी म्हटलं, "मागची खोली आणि अंगण तुझ्या नावावर करून देतो. तू इथे सही कर."

तिनं एकच विचारलं, "कडा?"

"खालचा उतार तेवढा नेणार ते. वरचा कडा सोडून."

मी कागद पुढे सरकवला आणि तिला पाणी आणायला आत गेलो. परत आलो तशी तिनं पिशवी चाचपली आणि म्हणाली, "चष्मा विसरले वाटतं. कुठे करायची?" मी बोट ठेवलं तिथे तिनं सही केली.

कागदात कडा सोडल्याचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी तो दोनदा वाचला होता. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. क्रशरवाल्यानं आम्हाला फसवलं, असंच मी सगळ्यांना सांगत आलो, आणि लोकांना ते पटतंही, कारण क्रशरवाल्याचा चेहराच तसा होता.

सहीच्या दुसऱ्याच दिवशी ताई कड्यावर गेली आणि रानकेळीची दोन रोपं उपटून घेऊन आली. मी म्हटलंसुद्धा, "कड्याला धक्का लागत नाही, मग रोपं कशाला आणलीस?" ती म्हणाली, "असू देत." दोन्ही तिनं अंगणात लावली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

तीन महिन्यांत कडा उडाला. पहिला सुरुंग लागला तेव्हा आमच्या घरातल्या फळीवरची भांडी खाली आली. धुरळा बसल्यावर ती माझ्या दारात आली. केसांत, भुवयांत सगळी पांढरी भुकटी. म्हणाली, "तू मला दोनदा सोडलंस." आणि जी गेली ती नऊ वर्षं माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही मग अंगणात भिंत घातली. गवंड्यानं सरळ दोरी धरली, त्यात तिच्या दोन रोपांपैकी एक माझ्या बाजूला आलं, पंपाच्या खोलीमागे. मी ते उपटलं नाही. माया नव्हे हो, आळस. भिंतीचा उरलेला राडारोडाही तिथेच टाकला.

बोलणं नव्हतं म्हणजे शांतता होती असं समजू नका. ती तिच्या मांजरीशी बोलायची, पण आवाज असा की माझ्या पंपाला भारी पडावा. "खा गं बाई उंदीर. तुला निदान शिकार करून खावी लागते. काही लोक दगड विकून खातात." मी शेणखताचा ढीग भिंतीला चिकटून लावला, वाऱ्याची दिशा बघून. माझ्या केळीचं पान भिंतीवरून बोटभर पलीकडे झुकलं तर ती तेवढंच बोटभर कापायची आणि तुकडा अलीकडे टाकायची. दोघांची पासष्टी आली तरी हे चालू. मध्ये माझी बायको. ती दोन्हीकडे जायची, दोन्हीकडचं ऐकायची आणि कुठलंच पोचवायची नाही. तिच्याशिवाय आम्ही एकमेकांना कधीच खाल्लं असतं.

गेल्या पावसाळ्यात पंपामागची रानकेळ फुलली. नऊ वर्षं तिला कुणी पाणी घातलं नाही, खत दाखवलं नाही, बुडाशी नुसता राडारोडा. आणि ती फुलली ताईच्या झाडाच्या अडीच आठवडे आधी! तिच्या झाडाला तिनं निवडून दगड लावले होते, उतार दिला होता, पावसाळ्यात रोज तपासत होती. ही गोष्ट तिला आजही पचलेली नाही, आणि मला ती आठवली की दिवस बरा जातो.

मग तिचंही फुललं. आता इथे केळीवाल्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो, मलाही ती नंतरच कळली. रानकेळीच्या फुलाचं पान उचललं की आत फुलांची ओळ असते. सुरुवातीच्या ओळी मादी, त्यांचं फळ होतं. नर फुलं खालच्या ओळींत, ती उघडेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि वरच्या मादी फुलांची वेळ निघून गेलेली असते. एका झाडाचं स्वतःवर भागत नाही. कड्यात पन्नास झाडं होती, कुणीतरी पुढे, कुणीतरी मागे, आणि वटवाघळं इकडचं तिकडे न्यायची. क्रशर आला आणि वटवाघळं गेली. आता उरली दोनच झाडं. तिच्या झाडाची मादी फुलं ज्या दिवशी उघडणार, त्याच सुमारास माझ्या झाडाची नर फुलं उघडणार होती. नऊ वर्षांच्या वाढीला तेवढीच एक संधी. ती हुकली तर फळं पोचट, आणि दोन्ही झाडं बी न देता मरणार. कड्याचं नामोनिशाण संपणार.

ताईनं हे माझ्या बायकोला सांगितलं. रोज सकाळी मी बागेत गेलो की बायकोनं माझ्या झाडाचे पराग डबीत झाडून तिला नेऊन द्यायचे, असं ठरलं. मला सांगायचं नाही, हेही ठरलं. का? तर मला कळलं तर मी मुद्दाम ते फूल कापून टाकीन.

आणि मला कळलं नाही, म्हणून मी ते कापलं.

त्याचं असं. केळीचा घड पुरता बाहेर आला की खाली लोंबणारं केळफूल कापायचं, हे आमच्यात पोर चालायला लागलं की शिकतं. फूल ठेवलं तर ते घडाचा जोर खातं. त्या दिवशी पहाटेपासून मी बागेत चाळीस-पन्नास केळफुलं उडवली. सगळी टोपलीत भरून पंप बंद करायला मागे आलो, हातात कोयता तसाच. समोर हे भलंमोठं, काळपट तांबडं केळफूल लोंबतंय. हात वर गेला, एक फटका, फूल टोपलीत. टोपली नेऊन गोठ्यात ओतली, शेळ्यांपुढे. मनात काही म्हणता काही आलं नाही. पन्नास वर्षांची हाताची सवय.

बायको डबी आणि रंगाचा बारीक कुंचला घेऊन पंपामागे गेली आणि तिथूनच किंचाळली. "अहो! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"वन्संचं फूल! आजपासून लागणार होतं ते! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कुणी काही सांगितलं नाही!"

"मग कापलंत कशाला?"

पलीकडे मांजरीशी चाललेलं बोलणं मध्येच तुटलं. मग रस्त्यावरून चपलांचा फटफट आवाज आला, पुढच्या दारानं, चपला न काढता, सरळ माझ्या घरातून मागे. नऊ वर्षांनी ती माझ्यापुढे उभी होती. पार वाळलेली, पण मान ताठ.

"कुठे आहे?"

"ताई, मी मुद्दाम नाही..."

"तोंड नको वाजवूस. केळफूल कुठे आहे?"

मी गोठ्याकडे हात केला. तिथे पन्नास केळफुलांचा ढीग आणि त्यात तोंड घालून तीन शेळ्या. सदुसष्ट वर्षांची बाई त्या ढिगात गुडघ्यांवर बसली आणि एकेक फूल उचलून फेकायला लागली. दोन माझ्या अंगावर आली, ती नेम धरून. रानकेळीचं फूल शेवटी थोरल्या शेळीच्या तोंडात सापडलं. ताईनं एका हातानं शेळीचं शिंग धरलं, दुसऱ्यानं फूल, आणि शेळीला असं काही बोलली की माझी बायको आत निघून गेली. बाहेरची तीन-चार पानं गेली होती, पण गाभा शाबूत.

"बादली आण. निम्मी पाणी. गोणपाट ओलं करून आण. कधीचं कापलंस?"

"अर्धा तास झाला असेल. ताई, हाताची सवय..."

"गोणपाट."

आतली फुलं अजून मिटलेली होती. देठ पाण्यात ठेवला तर रोज एक-दोन ओळी उघडतील, चार-सहा दिवस मिळतील, असा तिचा हिशेब. बादली तिच्या अंगणात गेली आणि मागोमाग मलाही जावं लागलं. कारण तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जवळचं बारीक दिसत नाही, आणि बायकोचा हात थरथरतो. पराग सुटलाय की नाही ते बघायला, पान न फाडता उलगडायला शिल्लक राहिलो मी. म्हणजे ज्यानं कापलं तोच.

सहा दिवस रोज सकाळी मी भिंतीपलीकडे जात होतो. मी पान उलगडायचं, नर फुलांवरची भुकटी कुंचल्यानं डबीत झाडायची, तिनं ती तिच्या झाडाच्या मादी फुलांना लावायची. चहा तर सोडाच, पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या प्रत्येक हालचालीला नाव. "हळू. केळं सोलतोयस का?" "नख लावू नकोस, तुझ्या नखाला खत आहे." तिसऱ्या दिवशी मी वैतागलो. म्हटलं, "हे बघ, कितीदा सांगू, चुकून झालं! मला माहीत नव्हतं! शपथेवर सांगतो!"

ती कुंचला फिरवत होती, तशीच फिरवत राहिली. "चुकून झालं ते दिसतंय मला. तीन दिवस तेच रडतोयस. जे चुकून केलं ते गावभर ओरडून सांगतोस, आणि जे मुद्दाम केलंस त्याच्याबद्दल नऊ वर्षांत तोंड उघडलं नाहीस."

"ते क्रशरवाल्यानं..."

"गप. तुझ्या श्वासानं भुकटी उडतेय."

मी तोंडावर गमछा ओढला आणि पुढचं पान उलगडलं.

फूल सातव्या दिवशी बादलीत काळं पडलं. माझं झाड त्यानंतर महिन्यात वाळून कोसळलं. त्याला फळं धरली होती, कापून बघितली तर आत एकही बी नाही. तिच्या झाडाचा घड मात्र फुगला. सगळा नाही, वरच्या चार ओळी. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा फळं मऊ पडली, तिनं ती वाळूत चोळून बिया काढल्या आणि सावलीत सुकवल्या. मला हे बायकोकडून कळत होतं. माझी गरज संपली होती, बोलणं परत बंद. मांजर परत सुरू.

मग पावसाच्या आधी आठवडाभर, एका सकाळी ती पंपाच्या खोलीशी आली. हातात दोर.

"कड्यावर चल."

क्रशर दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. कडा म्हणजे आता सरळ कापलेली भिंत, मध्ये मध्ये अरुंद पायऱ्या. तिला पहिल्या पायरीवर उतरून खडकाच्या फटींत बिया लावायच्या होत्या. वरून दोन पुरुष खोल.

मी म्हटलं, "वेड लागलंय का? गुडघे बघ स्वतःचे. एखादा मजूर उतरव."

"मजूर मातीत लावेल. फटीत नाही लावणार."

"मग दोर धरायला तरी मजूर बघ. मला कशाला?"

"मजुराचं मला काही ठाऊक नाही. तू सोडतोस हे मला ठाऊक आहे. म्हणजे मी तयारीत असते."

गेलो. वर पोचलो तर दोर बांधायला एक खोड नाही. ते जुनं झाड कड्याबरोबरच गेलं होतं, माझ्याच सहीनं. क्रशरवाल्यांची एक पहार खडकात अर्धी रुतून गंजत होती. पहारीला दोन वेढे दिले, टोक माझ्या कमरेला बांधलं, आणि दगडाला टाच लावून मी खाली बसलो. ती पिशवी गळ्यात अडकवून उलटी उतरली. आधी कंबर गेली, मग खांदे, मग तो पांढरा अंबाडा. नंतर नुसता दोर ताठ, आणि खालून खडक खरवडल्याचा आवाज.

मग खालून आवाज आला, अगदी साधा, मीठ आहे का विचारावं तसा.

"कागदात कडा सोडलेला नव्हता, हे तुला माहीत होतं ना?"

कमरेला दोर, त्याच्या टोकाला ती. इथे थाप मारायची सोय नव्हती. मी म्हटलं, "हो."

"वाचला होतास?"

"दोनदा." आणि एकदा तोंड उघडलं ते थांबेना. "तुझ्याकडे चष्मा नव्हता, ताई. मी मुद्दाम घाई केली. तू वाचशील म्हणून भीती वाटत होती मला."

खाली खरवडणं थांबलं.

"चष्मा पिशवीत होता," ती म्हणाली.

"काय?"

"बहिरा झालास का? चष्मा पिशवीत होता. तू पाणी आणायला आत गेलास तेव्हा मी कागद वाचला. मग चष्मा पिशवीत टाकला."

माझ्या डोक्यात आधी काही शिरलंच नाही. मग ती दोन रोपं आठवली, सहीच्या दुसऱ्या दिवशी उपटून आणलेली. कड्याला धक्का लागत नाही तर रोपं कशाला, असं मी विचारलं होतं.

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि तू सही केलीस?"

"मला खोली हवी होती. रस्त्यावर बसणार होते का डबे मांडून?"

"मग नऊ वर्षं!" मी इतक्या जोरानं ओरडलो की पलीकडच्या खाणीतून तेच शब्द परत आले. "नऊ वर्षं मला शिव्या का घातल्यास गं? माझ्या लेकीच्या लग्नाला आली नाहीस! मी रात्र रात्र जागलो, की मी सख्ख्या बहिणीला फसवलं! मला का?"

"मग कुणाला घालू? स्वतःला घालून बघितल्या. भागेना." मग लगेच, "दोर ताठ धर. ढिला पडलाय."

खरंच ढिला पडला होता. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला तो सोडावासा वाटला. कुठली गांधीलमाशी नाही, सवय नाही, चूक नाही, चांगला समजून उमजून. दोर तळव्यात काचत होता आणि नऊ वर्षांचा सगळा राग त्या एका मुठीत आला होता. मी टाच दगडाला आणखी घट्ट लावली आणि दोर ताठ केला.

ती वर आली तेव्हा नखं फुटलेली, कपाळावर खरचटलेलं. पिशवी रिकामी. बसून धापा टाकल्या, कमरेची गाठ सोडली आणि दोर गुंडाळायला लागली. एकदा माझ्याकडे बघून हसली. अर्धा दात दिसला.

"भिंत पाडायची नाही, आधीच सांगते," ती म्हणाली.

"पाडतंय कोण?" मी म्हटलं.

आमचं बोलणं परत बंद आहे. मी शेणखताचा ढीग हलवलेला नाही. पाऊस लागून महिना झाला. सकाळी पंप चालू करायला मागे गेलो की माझी मान वर कड्याकडे जाते, आणि त्याच वेळी पलीकडचा चपलांचा आवाज थांबतो. अजून तिथे हिरवं काही दिसलेलं नाही. तिच्या डोळ्यांना इतकं लांबचं चांगलं दिसतं, तेव्हा उगवलं तर आधी तिलाच दिसेल, आणि ती मला सांगणार नाही. मांजरीला सांगेल. मी पंप थोडा उशिरा लावतो हल्ली, ऐकू यावं म्हणून.